श्रवणभक्ती

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिला मान आहे. कीर्तन, स्मरण, वंदन ही सारी त्याच्या मागून येतात. हा क्रम ज्याने लावला त्याला माणसाची चांगली पारख असली पाहिजे. देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना मात्र झाकणे दिली नाहीत. डोळ्याला नको ते टाळता येते. वाचणारा माणूस तर मोठा लबाड असतो. निसर्गवर्णन आले की तो पान उलटतो, व्यवहाराची बोलणी निघाली की दोन परिच्छेद ओलांडतो, आणि नायक-नायिकेचे जमते की नाही हे पाहायला चोरून शेवटच्या प्रकरणात डोकावूनही येतो. ऐकणाऱ्याला यातली एकही सवलत नाही. वाचून दाखवणारा ज्या चालीने चालेल त्या चालीने त्याला मागोमाग जावे लागते. पण पायी जाणाऱ्याला रस्त्यातले खाचखळगे जसे कळतात, तसे मोटारीतून जाणाऱ्याला कळत नाहीत, हेही खरे.

मला ही श्रवणभक्ती सत्तरीनंतर घडली, आणि तीही हौसेने नव्हे. डोळ्यांच्या पडद्याला विकार जडला. हा विकार मोठा चमत्कारिक. सगळे दिसते, पण ज्याच्याकडे पाहावे तेवढेच दिसत नाही. समोर माणूस बसला तर त्याचे खांदे दिसतात, खुर्चीचे हात दिसतात. चेहऱ्याच्या जागी मळकट ढग. पुस्तक उघडले तर समास स्वच्छ आणि मजकूर पुसलेला. तीस वर्षे पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवले. जन्मभर ज्या अक्षरांच्या जिवावर जेवले, ती अक्षरेच अशी अबोला धरून बसली. पुण्याच्या रहदारीत धडपडण्यापेक्षा बरे, म्हणून मी वडिलांनी बांधलेल्या लोणावळ्याच्या घरी येऊन राहिले.

लोणावळ्याला राहायचे म्हणजे वर्षातले चार महिने पावसाशी संसार करायचा. जूनच्या मध्याला तो येतो तो दसऱ्याचे वेध लागेपर्यंत हलत नाही. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला येणारी मंडळी रविवारी संध्याकाळी चिक्कीचे पुडे घेऊन परत जातात. मग सोमवारपासून घरात आम्ही आणि पाऊस. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास, दुपारी तीन वाजताच दिवेलागण झाल्यासारखे वाटते. अशा दिवसांत वाचता येत नसलेल्या माणसाने करायचे काय? माझ्या भाच्याने ही अडचण ओळखली. एका रविवारी येऊन त्याने माझ्या फोनवर काहीतरी खटपट केली, उशाशी एक डबीएवढा स्पीकर ठेवला, आणि म्हणाला, “मावशी, आता तू नुसती पडून राहा. जेन ऑस्टिन स्वतः येऊन वाचून दाखवील.”

जेन ऑस्टिन काही आली नाही, पण तिच्या वतीने बरीच मंडळी आली. लिब्रिव्हॉक्स नावाचा एक उपक्रम आहे. २००५ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरी ह्यू मॅकग्वायर यांनी तो सुरू केला. कल्पना अगदी साधी. ज्या पुस्तकांवरचा हक्क मुदत संपून सुटला आहे, ती ज्याला वाटेल त्याने वाचून ध्वनिमुद्रित करावीत आणि ज्याला वाटेल त्याने फुकट ऐकावीत. वाचणाऱ्याला मानधन नाही, ऐकणाऱ्याला वर्गणी नाही. देशोदेशींच्या हौशी माणसांनी अशी हजारो पुस्तके आजवर वाचून ठेवली आहेत.

हौशी म्हणजे किती हौशी! कधीकधी एकाच कादंबरीची प्रकरणे वेगवेगळी माणसे वाचतात. त्यामुळे काल अमेरिकन हेलात बोलणारी एलिझाबेथ आज अस्सल इंग्रज होते, आणि परवा तिला चक्क घोगरा पुरुषी आवाज फुटतो. सुरुवातीला मी वैतागले. मग आपल्या रंगभूमीवर मिशा काढून शकुंतला रंगवणाऱ्या नटांची आठवण झाली आणि राग गेला. शिवाय या वाचणाऱ्यांच्या मागे त्यांचे संसारही ऐकू येतात. कुठे दूरवर कुत्रे भुंकते, कुठे खुर्ची करकरते, कुठे वाक्याच्या मध्येच कोणी आवंढा गिळते. छापील पानाला घसा नसतो. या आवाजांना होता, आणि त्यामुळे मला एकटे वाटेनासे झाले.

मी ऐकले काय, तर तरुणपणी वाचलेले आणि पुढे शिकवलेले सारे पुन्हा. ऑस्टिनबाई झाल्या, मिसेस गॅस्केल झाल्या, ट्रॉलप झाला, गॉल्सवर्दीचे ते मालमत्तेत बुडालेले फोर्साइट घराणे झाले. या सर्वांचा विषय एकच म्हणाना: घर कोणाचे, पैसा कोणाचा, मुलगी कोणाला द्यायची, आणि आपल्या पायरीची माणसे कोणती. इंग्रजी नावे काढून टाकली तर सदाशिव पेठेतल्या कोणत्याही वाड्याच्या ओसरीवर बसून ऐकल्यासारखे वाटावे.

ही पुस्तके ऐकणे म्हणजे काही नवी तऱ्हा नव्हे. ती मुळात ऐकण्यासाठीच होती. ऑस्टिनच्या घरात संध्याकाळी शेकोटीजवळ बसून कादंबऱ्या मोठ्याने वाचण्याचा परिपाठ होता. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची पहिली छापील प्रत चॉटन गावी तिच्या हाती पडली ती २७ जानेवारी १८१३ रोजी. त्याच संध्याकाळी शेजारची मिस बेन नावाची प्रौढ कुमारिका जेवायला आली होती. मायलेकींनी पहिल्या भागाचा निम्मा मजकूर तिला वाचून दाखवला. लेखिका समोरच बसली आहे याचा तिला पत्ता नव्हता. आई फार भराभर वाचते आणि पात्रांच्या तोंडची बोली तिला साधत नाही, अशी तक्रार ऑस्टिनने पुढे बहिणीला पत्रातून कळवली आहे. ही मिस बेन गरीब होती. भाऊ जवळच्या गावचा धर्मोपदेशक, पण त्याचेच खटले मोठे. ही बहीण भाड्याच्या झोपडीत कसेबसे दिवस काढी. त्या जगप्रसिद्ध कादंबरीची घराबाहेरची पहिली श्रोती अशी एक भावाच्या आधाराने जगणारी बाई होती, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

आपल्याकडे तर विचारूच नका. श्रावणात पांडवप्रताप आणि हरिविजय घरोघर लागत. एक वाची आणि दहाजण ऐकत. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही विधवेची कहाणी आठवड्या-आठवड्याला घरांत शिरू लागली. अक्षर न ओळखणाऱ्या सासवा आणि आत्याबाईही कोणीतरी वाचले म्हणूनच तिच्यासाठी डोळे पुसू शकल्या. एकट्याने मनातल्या मनात वाचणे ही आमच्यासारख्या शिकलेल्यांची चैन. ती खाजगी मालमत्ता. मोठ्याने वाचले की पुस्तक सामाईक होते. ज्याच्या ज्याच्या कानावर पडेल, त्याचा त्याचा त्यात हिस्सा.

कानाने वाचू लागल्यावर मला पहिला धक्का बसला तो आकड्यांचा. वर्गात आम्ही ऑस्टिनचा उपरोध शिकवीत होतो, संवाद शिकवीत होतो. मुलींना डार्सीचे देखणेपण आणि त्याचा मानी स्वभाव पुरे होता. ऐकताना मात्र पानोपानी पौंड वाजू लागले. डार्सीचे उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड, बिंग्लीचे चार-पाच हजार, बेनेटरावांचे २,०००. आणि एलिझाबेथला मागणी घालायला आलेला तो कॉलिन्स तिला तोंडावर ऐकवतो, की तुझ्या वाट्याला येणार ते अवघे १,००० पौंड, तेही आईच्या पश्चात. डोळ्यांनी हे आकडे धुळीसारखे झटकले होते. वाचून दाखवणारी बाई मात्र एकेक आकडा स्वच्छ उच्चारते. तिला काय, तिला सगळेच शब्द सारखे. प्रेमकथा म्हणून जन्मभर जपलेले ते पुस्तक मला प्रथमच एखाद्या वाटणीपत्रासारखे ऐकू आले.

आणि मग या श्रवणाला दुसरा कान मिळाला.

आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ कामाला एक बाई येतात. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला बाई म्हणतात. वय पन्नाशीचे. माहेर पवन मावळातले, सासर लोणावळ्याच्या खालच्या अंगाला. चौथीपर्यंत शाळा झालेली. सही करता येते, सवड असेल तर देवळावरची पाटीही वाचता येते. एकदा त्या ओटा पुसत होत्या आणि मी स्पीकरपाशी बसून एकटीच हसत होते. त्यांनी विचारले, “काय ओ बाई, यवढं काय सांगतीया ती?”

मी सांगितले. एका गृहस्थाला पाच मुली, मुलगा नाही. राहते घर आणि शेतीवाडी मुलींना मिळायची सोय नाही. बाप मेला की सगळे एका दूरच्या भाऊबंदाला जाणार. म्हणून आई बिचारी मुलींची लग्ने जमवायला धावते आहे.

“मंग त्यात हसाया काय झालं?” मावशी म्हणाल्या. “रान किती व्हतं?”

मी गडबडले. जन्मात कोणा विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटले, “रान किती ते पुस्तकात सांगितलेले नाही. उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड.”

“म्हंजी पीक सांगितलं आन् रान लपिवलं,” मावशींनी निकाल दिला. “शहाना मानूस.”

त्या दिवसापासून आमचा परिपाठ पडला. दुपारी मी इंग्रजीत ऐकायचे आणि संध्याकाळी मावशी भाजी निवडताना त्याची मराठीत कथा करायची. इंग्रजी वारसाकायदा मराठीत सांगणे किती सोपे आहे, हे मला तेव्हा कळले. मोठ्या शब्दांची गरजच पडत नाही. ‘सातबाऱ्यावर मुलींची नावे लागत नव्हती’ एवढे म्हटले की पुरे. मावशींचे प्रश्न मात्र मला रोज नव्याने अभ्यास करायला लावीत. त्यांनी एकदा विचारले, “त्या पाच पोरी दिसभर चिठ्ठ्या लिवत्यात, फिराया जात्यात. मंग रांधतं कोन?” मी आठवून आठवून हिल नावाच्या घरच्या नोकरबाईचा उल्लेख शोधून काढला. साऱ्या कादंबरीत तिच्या वाट्याला दोन-चार वाक्ये. मावशींना बेनेटबाईपेक्षा या हिलचे कौतुक अधिक. २०१३ साली जो बेकर या इंग्रज लेखिकेने ‘लाँगबोर्न’ नावाची अख्खी कादंबरी लिहिली ती त्या घरातल्या नोकरमाणसांवर. जो प्रश्न विचारायला साहित्याला दोनशे वर्षे लागली, तो आमच्या ओट्यापाशी तिसऱ्या दिवशी निघाला.

मग ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ सुरू झाली. हे ऑस्टिनचे पहिले प्रसिद्ध पुस्तक. १८११ साली निघाले तेव्हा वर तिचे नावही नव्हते, ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढेच छापले होते. पुढे त्याचे तिला १४० पौंड मिळाले. त्याआधी, १८०५ साली बाप वारल्यावर, आई आणि दोघी बहिणी भावांनी घातलेल्या वर्षासनावर राहत होत्या, आणि चॉटनचे घरही १८०९ साली एका श्रीमंत भावाने राहायला दिलेले होते. तिचे भाऊ चांगले होते. पण आपले छप्पर भावाच्या मर्जीवर टिकून आहे, हे बहिणीला रात्री झोपताना कसे आठवत असेल, ते तिला अनुभवाने ठाऊक होते.

या कादंबरीचे दुसरे प्रकरण म्हणजे नवरा-बायकोचे एक संभाषण आहे. जॉन डॅशवुडला नॉरलंडची सारी इस्टेट मिळालेली. मरताना बापाने त्याच्याकडून वचन घेतलेले, की सावत्र आईची आणि तिघी सावत्र बहिणींची काळजी घे. जॉन मनाशी ठरवतो की बहिणींना प्रत्येकी हजार, असे तीन हजार पौंड द्यावेत. मग त्याची बायको फॅनी बोलायला लागते. आपल्या एकुलत्या बाळाच्या तोंडचा घास का काढायचा? तीन हजारांचे दीड हजार होतात. मग वाटते, एकरकमी कशाला, आईला वर्षाला शंभर द्यावेत. पण वर्षासन लावले की माणसे मरायचे नावच घेत नाहीत, असा फॅनीचा अनुभव. मग ठरते की अधूनमधून पन्नास पौंडांची भेट द्यावी. शेवटी तेही जाते आणि उरते ते एवढेच, की दुसरे घर शोधायला मदत करावी, सामान हलवू लागावे आणि हंगामात मासळी आणि शिकार पाठवावी. वर फॅनीचा सासूच्या चिनी मातीच्या भांड्यांवर डोळा असतोच. सगळे बोलणे गोड. आवाज एकदाही चढत नाही. प्रकरण वाचणाऱ्या बाईने फॅनीला असा काही मधाळ सूर दिला होता, की मी ते दोनदा ऐकले.

संध्याकाळी मी मावशींना ते सांगितले. तीन हजारांपासून मासळीपर्यंतची ती उतरंड सांगताना मला वाटले होते, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता त्यांचा हात थांबला.

“आमच्याकडं त्याला साडीचोळी म्हन्त्यात,” त्या म्हणाल्या.

मी म्हटले, “भावजय मोठी पाताळयंत्री आहे.”

“भावजयीला नगा बोलू, बाई. तिला बी तिच्या भावानं आसंच गुंडाळलं आसंल. तिथलं गेलं म्हनून हितलं धरती ती.”

या वाक्याने मी गप्प झाले. फॅनीवर मी किती तास व्याख्याने दिली असतील! पण फॅनीलाही कोणाच्या तरी वाटणीत काय मिळाले असेल, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता.

मग हळूहळू मावशींचे दुसरे प्रकरण मला ऐकायला मिळाले. वडील जाऊन बारा वर्षे झालेली. भाऊ तिघे, बहीण ही एकटी. वडिलांच्या मागे वारसांची नोंद झाली तेव्हा भावांची नावे जमिनीच्या मालकीत लागली आणि मावशींचे नाव सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात जाऊन बसले. पूर्वी त्या भातखाचरांना विचारणारे कोणी नव्हते. एक्सप्रेस-वे २००२ साली पुरा झाला. मुंबईपुण्याची माणसे दोन तासांत मावळात येऊ लागली आणि भाव एकराने सांगायचे ते गुंठ्याने सांगू लागले. पवनेच्या पाण्याकाठी बंगले उठले. ज्या खाचरात इंद्रायणीचा तांदूळ होई, त्याची किंमत तांदळावरून ठरेनाशी झाली; खिडकीतून लोहगड दिसतो का, यावरून ठरू लागली. असा एक दलाल भावांकडे आला. सगळे कागद ठीक होते; फक्त बहिणीचे हक्कसोडपत्र हवे होते.

कायदा काय म्हणतो, हे आता वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क द्यायला महाराष्ट्राने १९९४ साली सुरुवात केली, पण तो तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता. २००५ साली तो हक्क साऱ्या देशातल्या मुलींना मिळाला, आणि बाप २००५ साली हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. इंग्लंडातही विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने मिळकत बाळगता यावी म्हणून १८८२ सालचा कायदा यावा लागला, आणि मृत्युपत्र नसले तर सारी जमीन थोरल्या मुलाला जाण्याची रीत १९२५च्या कायद्याने मोडली. ऑस्टिनच्या मुलींपाशी कायदा नव्हता. आमच्या मावशींपाशी तो आहे. तरीही हक्कसोडपत्रे होतात, आणि राजीखुशीने होतात.

असे का, हे विचारणाऱ्याने मावळातल्या जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या तोंडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ किती येतो! भावाच्या वाटेकडे लागलेले डोळे, भावाने आणलेले लुगडे, भावाच्या दारातली तुळस. ज्या बाईला सासरी स्वतःचे म्हणावे असे काही नसते, तिला माहेर ही एकच मिळकत. कोर्टकचेरी केली तर हिस्सा मिळेल. पण लेकीच्या लग्नात मामा कोण म्हणून उभा राहणार? नवऱ्याने हाकलले तर कोणाच्या दारात जायचे? हिशेब कळत नाही म्हणून बहिणी सही करतात असे आपल्याला शहरात वाटते. हिशेब त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. त्या जमीन सोडतात आणि त्या मोलाने माहेर विकत घेतात.

आमच्या या घराचे खरेदीखत १९६८ सालचे आहे. डोळे होते तेव्हा मी ते पुष्कळदा पाहिले आहे. वडिलांची वळणदार सही, विकणाऱ्या दोघा भावांच्या सह्या, आणि त्यांच्याखाली संमती देणार म्हणून तीन बायकांचे अंगठे. लोणावळ्या-खंडाळ्याच्या कितीतरी बंगल्यांच्या कागदांत असे अंगठे असतील. नॉरलंडच्या दिवाणखान्यात बसून आपण डॅशवुड बहिणींसाठी हळहळतो. इथे दिवाणखाना आमचा होता आणि बहिणी कागदाच्या तळाला होत्या. आता मला अक्षरे दिसत नाहीत. ते तीन निळसर ठसे मात्र डोळे मिटले की दिसतात.

मावशींना मी सल्ला दिला नाही. त्यांनी मागितला नाही, आणि ज्याला ती वाट चालायची नाही त्याने वाट दाखवू नये. गेल्या वर्षी भाऊबिजेला थोरले भाऊ कागद घेऊन यायचे होते. मावशी दोन दिवस रजेवर गेल्या आणि तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी ओटा न पुसताच माझ्यासमोर बैठक मारली. आता सांगणार त्या होत्या आणि ऐकणार मी.

ओवाळणी झाली होती. थोरल्या भावाने तबकात साडी ठेवली, आणि साडीच्या घडीवर तो कागद. पेन पुढे केले. मावशी म्हणाल्या, “दादा, आदी वाचून दाकवा.”

भाऊ म्हणाला, “त्यात काय वाचायचं? नेहमीचंच हाय.”

“मला कुटं नेहमीचं हाय? आमच्या बाई रोज ऐकत्यात. ऐकल्याबिगर कळत न्हाई.”

थोरल्याने पुतणीला हाक मारली. ती त्याचीच मुलगी, तळेगावला कॉलेजात शिकते. ती उभी राहून वाचू लागली. मोठ्याने, स्वच्छ, एकही शब्द न गाळता. गट नंबर, चतुःसीमा, आकार. मग आले, की लिहून देणार हिने या मिळकतीतला आपला हक्क कायमचा सोडला आहे आणि त्याबद्दल काहीही मोबदला घेतलेला नाही. तिथे मुलगी थांबली. बापाकडे पाहून म्हणाली, “पप्पा, आत्याने घेतला नाही, की तुम्ही दिला नाही?”

घरात कोणी बोलेना. बाहेर पोरांचे फटाके तेवढे वाजत होते. मावशी सांगत होत्या, “त्या कागदात हाय काय, ते आमच्या घरात कुनीच ऐकलं नव्हतं, बाई. दादानं बी. वकिलानं लिवलं, त्यानं घडी घातली. पोरीच्या तोंडून ऐकलं तवा त्याचं त्वांड उतारलं. त्यो वाईट न्हाई.”

त्या दिवशी मावशींनी सही केली नाही. साडी घेतली, भावाच्या पाया पडल्या, आणि म्हणाल्या, की विहिरीखालचे एक खाचर माझ्या नावावर राहू द्या, बाकीचे तुम्ही विका. मी सही करते. त्या खाचरात त्यांनी आईबरोबर आवणी केली होती.

पुढे सोपे काही झाले नाही. दलाल दुसरीकडे गेला. थोरल्याचे येणे बंद झाले. चैत्रात गावची जत्रा झाली, मावशींना निरोप आला नाही. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडची सगळी पितळी भांडी विनाकारण घासून काढली. पाऊस लागल्यावर धाकटा भाऊ एकटाच आला. पाच किलो तांदूळ आणला आणि खाचराला आपली हरकत नाही असे हळूच सांगून गेला. मधल्याचे तळ्यात-मळ्यात चालले आहे. या दिवाळीला कोण येईल आणि कोण नाही, ते मावशींना माहीत नाही. पण त्यांनी तबक घासून ठेवले आहे आणि तिघांनाही फोन केला आहे.

परवा डॅशवुड बहिणींची गोष्ट संपली. दोघींची लग्ने झाली, सगळे मार्गी लागले. मावशींनी विचारले, “त्या भावानं शेवटी काय दिलं?”

“काही नाही,” मी म्हटले. “पण जाणे-येणे राहिले.”

“म्हंजी म्हायार ऱ्हायलं.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बाई, हिस्सा बी ऱ्हायला आन् म्हायार बी ऱ्हायलं, आसं एकांदं पुस्तक न्हाई का तुमच्यात?”

मी आठवू लागले. ऑस्टिन आठवली, ट्रॉलप आठवला, गॉल्सवर्दीचे सगळे खंड आठवले, आपले हरिभाऊही आठवले. तीस वर्षे शिकवलेले सारे कपाट मनातल्या मनात धुंडाळले. कुठे हिस्सा होता, कुठे माहेर होते. दोन्ही एका घरात असलेले पुस्तक काही केल्या सापडेना. “शोधते,” असे मी मावशींना सांगितले आहे, आणि रोज दुपारी स्पीकर लावून खरोखरच शोधते आहे.